सावलीत पास, उन्हात नापास : विमानांतल्या म्हाताऱ्या डिस्प्लेंबद्दल खुलं पत्र

प्रति,
विदर्भातल्या उड्डाण प्रशिक्षण संस्थांचे व्यवस्थापक, मुख्य अभियंते आणि मुख्य उड्डाण प्रशिक्षक

प्रत : महासंचालक, नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली

विषय : प्रशिक्षण विमानांतले जुने डिस्प्ले उन्हात तपासण्याबाबत

स.न.वि.वि.

मागणी आधीच सांगून टाकतो. शंभर तासांच्या इन्स्पेक्शनला विमान आलं की त्यातला प्रत्येक डिस्प्ले हँगरबाहेर, संध्याकाळच्या तिरक्या उन्हात, पायलटच्या सीटवर बसून वाचावा. जो नीट वाचता येत नाही तो त्याच दिवशी स्नॅग, म्हणजे बिघाड, म्हणून लिहावा. हँगरच्या सावलीत पाहून ‘चेक्ड, सॅटिसफॅक्टरी’ अशी सही करू नये. पुढचं सगळं पत्र ही मागणी का आहे आणि ती मानली तर काय अडचण येईल, याबद्दल आहे.

मी निवृत्त एएमई, म्हणजे विमान देखभाल अभियंता, एव्हिऑनिक्सचा, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक उपकरणांचा. आजच्या परवान्याच्या भाषेत बी-२. आमच्या वेळी याला ‘आर’ कॅटेगरी म्हणायचे, म्हणजे रेडिओवाले. राहतो गोंदिया जिल्ह्यातल्या एका खेड्यात. बिरसीच्या धावपट्टीमुळे आमच्याकडे धानाच्या बांध्यांवर घिरट्या घालणारं विमान कोणी मान वर करूनही पाहत नाही. चंद्रपूरजवळची मोरवा धावपट्टी, अमरावतीचं बेलोरा, ही नावंही आता विदर्भात शिकाऊ वैमानिकांच्या तोंडी असतात. पत्रात मी कोणत्याही एका संस्थेबद्दल बोलत नाही. नोकरीत मी पाहिलेले प्रकार विदर्भाबाहेरच्या उष्ण गावांतही घडत असणार, पण इथल्या उन्हात ते लवकर घडतात आणि जास्त घडतात.

प्रशिक्षणात सर्रास दिसणारं सेसना १७२ विमान पहिल्यांदा उडालं १९५५ मध्ये. नीट देखभाल केली तर त्याचा सांगाडा आणि पंख चाळीस-पन्नास वर्षं चालतात, इंजिन ओव्हरहॉल करून पुन्हा बसवता येतं. पण पॅनेलवरची काच या हिशेबात बसत नाही. गार्मिनचं जीएनएस ४३०, म्हणजे जीपीएस नकाशा आणि रेडिओ एकाच पेटीत, बाजारात आलं १९९८ साली. त्या काळी ते केवढं अप्रूप होतं, ज्यांनी बसवलं त्यांना विचारा. त्याच्या आत एक रंगीत एलसीडी आहे. ती काच बनवणारे कारखाने विमानांसाठी चालत नाहीत. मोबाइल, कॅमेरा, यंत्रसामग्री यांच्या लाखो नगांवर चालतात. मागणी सरली की ती ओळ बंद. विमानवाल्यांची मागणी त्यांच्या हिशेबात किरकोळ. मग रेडिओची बाकी सर्किटं ठणठणीत, रिसीव्हर उत्तम, आणि काच मेलेली अशा अवस्थेत पेटी शेल्फवर येऊन पडते.

मोठ्या विमानांनी हा प्रवास आधीच केला. एअरबस ए-३२० सेवेत आलं १९८८ मध्ये, तेव्हा त्याच्या कॉकपिटमध्ये सीआरटी होत्या, जुन्या टीव्हीसारख्या. पडद्यावरचा चमकणारा लेप, फॉस्फर, जळायचा, एकाच जागी दिसणाऱ्या रेषांचा डाग पडायचा. एअरलाइन्सकडे पैसा होता, उत्पादकांना ऑर्डर मोठी होती, म्हणून पुढे एलसीडी आल्या. चार-पाच विमानांच्या फ्लाइंग स्कूलसाठी कोण नवी काच काढणार?

एलसीडी खराब होते म्हणजे नेमकं काय होतं, हे व्यवस्थापकांनी एकदा समजून घ्यायला हवं, कारण खर्चाला मंजुरी तेच देतात. काचेच्या दोन्ही बाजूंना पोलरायझरची, म्हणजे प्रकाश एकाच दिशेनं गाळणारी, पातळ फिल्म चिकटवलेली असते. बहुतेक फिल्ममध्ये मधे आयोडीन मुरवलेला थर आणि त्याच्या दोन्ही अंगांना सेल्युलोज ट्रायॲसिटेटचं अस्तर. उष्णता आणि दमटपणा एकत्र आले की हे अस्तर विघटित होतं आणि त्यातून ॲसेटिक आम्ल सुटतं, म्हणजेच व्हिनेगर. जुन्या सिनेमांची रिळं याच रोगानं नासतात. एकदा आम्ल सुटायला लागलं की ते पुढच्या विघटनाला आणखी जोर देतं. आयोडीनचा रंग उडतो, फिल्म कडेने सुटते, बुडबुडे धरते, पडद्यावर तपकिरी ढग दिसतात. पेटी उघडली की आंबट वास येतो. तो वास नाकात बसलेल्या माणसाला पुढचं काही पाहावंच लागत नाही.

आता आपल्याकडचं वर्ष पाहा. मार्च ते जून उष्णता, जून ते सप्टेंबर दमटपणा. नवतपात ब्रह्मपुरी, चंद्रपूरकडे पारा ४६-४७ ला टेकतो तो सावलीतला. एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या उघड्या जागेवर, बंद काचांत उभ्या विमानात, पॅनेलवर सावली धरणाऱ्या ग्लेअरशील्डच्या खाली, त्याच्या कितीतरी वर जातो. तिथे सीटबेल्टचं बकल उघड्या हाताने धरवत नाही. कोणी म्हणेल, उपकरणं डीओ-१६० या विमान-उपकरणांच्या चाचणी मानकाप्रमाणे तपासलेली असतात. असतात. त्या मानकात ए-१ वर्गाच्या उपकरणाला चालू अवस्थेत ५५ अंश, थोडा वेळ ७० अंश आणि बंद अवस्थेत जमिनीवर ८५ अंश सोसून दाखवावं लागतं. पण ती परीक्षा नव्या पेटीची आणि काही तासांची. वीस उन्हाळे सोसण्याची हमी त्यात कुठेही नाही. रसायनशास्त्रातला ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की क्रियेचा वेग साधारण दुपटीने वाढतो. थंड गावातल्या विमानाची काच जेवढी वर्षं टिकेल तेवढी आपल्याकडे टिकेल, असं धरून चालणं म्हणजे डोळे मिटून दूध पिणं झालं.

एक बारीक गोष्ट. भर उन्हात उभं विमान चालू केलं आणि पडदा काळाकुट्ट दिसला, मग दारं उघडून हवा खेळल्यावर परत उजळला, तर घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. काचेतलं द्रव ठरावीक तापमानाच्या वर आपला गुण सोडतं आणि थंड झाल्यावर परत धरतं. आपोआप बरं झालं म्हणून स्नॅग बुकात काही लिहिलं जात नाही. खरं तर तो निरोप आहे की ही काच किती तापते आहे.

जुन्या किंग रेडिओंची गोष्ट वेगळी. केएक्स-१५५ मध्ये एलसीडी नाही, नारिंगी आकड्यांचा गॅस डिस्चार्ज डिस्प्ले आहे. आत निऑनसारखा वायू आणि त्याला पेटवायला शंभराच्या बऱ्याच वर व्होल्टेज. वर्षानुवर्षं जळून आतल्या धातूचे कण उडून काचेवर बसतात, आकडे काळवंडतात, मग एकेक काडी गळते. सात काड्यांचा इंग्रजी आकडा असतो, हे आठवा. त्यातल्या नऊची उजवीकडची वरची काडी गेली तर तो पाच दिसतो. म्हणजे रेडिओवर लावलंय १२१.९, जी बऱ्याच विमानतळांवर ग्राउंड कंट्रोलची फ्रिक्वेन्सी असते, आणि दिसतंय १२१.५, जी आणीबाणीची. आठाची मधली काडी गेली तर शून्य. अनुभवी पायलट बटण फिरवून आकडे पळताना पाहतो आणि लगेच ओळखतो की काडी मेली आहे. पहिल्या सोलोवर, म्हणजे प्रशिक्षकाशिवाय एकट्यानं, निघालेलं एकोणीस वर्षांचं पोर ओळखेलच असं नाही. ते आधीच घामाघूम असतं, त्यात टॉवर उत्तर देत नाही.

याच रेडिओबद्दल एक टीप, फुकटात. त्याच्या दर्शनी भागात प्रकाश ओळखणारा छोटा फोटोसेल आहे. उजेड कमी झाला की तो आकडे मंद करतो, रात्री डोळ्यांना त्रास होऊ नये म्हणून. कोळशाची पूड, राख, धूळ त्यावर बसली की त्याला दुपारीही रात्र वाटते. डिस्प्ले गेला म्हणून पेटी उतरवून पाठवण्याआधी तो कोपरा मऊ कापडानं पुसून पाहा. चंद्रपूरकडच्या हवेत तर आधी हेच.

आता मुख्य दुखणं. मी एका संस्थेत असताना उतरलेला प्रशिक्षक पडद्याबद्दल बोलायचा, पण लिहायचा नाही. ‘सर, जरा फिकट आहे, पण चालतंय.’ विमान हँगरमध्ये यायचं, पत्र्याखाली अंधार, तिथे तोच पडदा चकचकीत दिसायचा. एकदा मी इन्स्पेक्शनच्या वेळी विमान बाहेर ढकलायला लावलं. संध्याकाळचे पाच, विमानाची शेपटी मुद्दाम पश्चिमेला. उतरतं ऊन मागच्या काचेतून खांद्यावरून थेट पॅनेलवर पडलं. सीटवर बसलो तर नकाशाचा निळा आणि हिरवा एकच झालेला, खालच्या ओळीतली अक्षरं हाताची ओंजळ धरल्याशिवाय दिसेनात. ब्राइटनेस पूर्ण वर होता. प्रशिक्षकाला शेजारी बसवलं. तो म्हणाला, ‘भाऊ, आम्ही रोज असंच वाचतो न.’

रोज असंच वाचतात. एका हातात कंट्रोल, दुसऱ्या हाताची ओंजळ पडद्यावर, डोकं खाली. धावपट्टीभोवतीच्या फेरीत, म्हणजे सर्किटमध्ये, त्यातही धावपट्टीला समांतर जाणाऱ्या डाउनविंडवर, जिथे डोळे बाहेर असायला हवेत.

मुख्य अभियंत्याकडे गेलो तर उत्तर ठरलेलं : ‘बंद आहे का? नाही ना? मग चालू आहे.’ हे उत्तर मी पुढे इतरांच्याही तोंडून ऐकलं, म्हणून इथे लिहितो. एमईएलमध्ये, म्हणजे कोणतं उपकरण बंद असताना विमान उडवता येतं त्या यादीत, ‘निकामी’ म्हणजे काय याची व्याख्या असते. उपकरण ठरलेलं काम करत नसेल तर ते निकामी. डिस्प्लेचं ठरलेलं काम कोणतं? वाचता येणं. आतला दिवा पेटतो आहे एवढ्यावर तो चालू ठरत नाही. सीटवर बसलेल्या माणसाला, त्या वेळच्या उजेडात, ओंजळ न धरता वाचता आलं तर चालू.

मी दुपारी बाराऐवजी संध्याकाळ का सांगतो, तेही सांगतो. उन्हाळ्यात प्रशिक्षण उड्डाणं सकाळी लवकर आणि संध्याकाळी होतात. भर दुपारी गरम हवेत विमान चढत नाही आणि हवा नुसती उसळते. म्हणजे विद्यार्थी प्रत्यक्षात उडतो तेव्हा सूर्य खाली असतो आणि पॅनेलवर तिरका येतो. डोक्यावरचं ऊन ग्लेअरशील्ड अडवते, खांद्यावरून येणारं कोणी अडवत नाही. तपासणी त्या उन्हात हवी. तपासणाऱ्याने गॉगल लावायचा असेल तर विद्यार्थ्यांकडे असतो तसाच लावावा. पोलराइज्ड असेल तर चांगली एलसीडीसुद्धा डोकं तिरकं केलं की काळी पडते. त्या बाबतीत दोष गॉगलचा. मुलांना हे पहिल्या आठवड्यात कोणी सांगत नाही, आणि ती बिचारी पडद्याला शिव्या देतात.

काही संस्था म्हणतील, आमच्याकडे जुनं काही नाही, सगळं ग्लास कॉकपिट, म्हणजे घड्याळांऐवजी पडदे, गार्मिनचं जी-१००० आहे. जी-१००० बाजारात येऊनही वीस वर्षं झाली. त्यात दोन मोठे पडदे, एक गेला की लाल बटण दाबायचं, दुसऱ्यावर सगळं येतं. अचानक बिघाड झाला तर ही सोय उत्तम आहे. म्हातारपणावर तिचा उपयोग नाही. दोन्ही पडदे एकाच दिवशी बसले, एकाच एप्रनवर तापले, त्यांचे दिवे तेवढेच तास जळले. एक फिकट पडेल तेव्हा दुसराही पडलेला असेल. एक नवा बसवलात की शेजारचा किती उतरला होता ते एकदम दिसतं. तोवर डोळा सवयीनं फसतो. म्हणून ‘कालच्यापेक्षा बरं की वाईट’ असं विचारू नका. एकाच जागेवरून, त्याच तिरक्या उन्हात, दर इन्स्पेक्शनला फोटो काढून फाइलमध्ये लावा. मोबाइल सगळ्यांकडे आहे.

पैशांचं बोलू. अडचण मला माहीत आहे. स्नॅग लिहिला की विमान उभं राहतं, उभं राहिलं की उड्डाणाचे तास बुडतात, तास बुडले की पालक फोन करतात. पालकांनी एकेक शेत विकून किंवा गहाण टाकून फी भरलेली असते, आमच्या भागात मी ते पाहिलं आहे. त्यात सुटा भाग मिळत नाही. मग होते रॉबरी. विमानाच्या धंद्यात या शब्दाचा अर्थ निराळा आहे, बाहेरच्यांनी दचकू नये : उभ्या विमानाची पेटी काढून उडत्याला लावायची. कागद नीट असेल तर ते नियमातही बसतं. पण दोन विमानांची रॉबरी करून तिसरं चालवलं की थोड्याच दिवसांत तिसऱ्यासाठी लुटायला काही उरत नाही.

दुसरा मोह जास्त वाईट. आमच्या तालुक्याच्या गावी एक भाऊ आहेत, इलेक्ट्रॉनिक काट्यांची दुरुस्ती करतात. राइस मिलवाले, किराणावाले, धान खरेदीवाले सगळे त्यांच्याकडे. मी त्यांच्या टेबलाशी बसून पाहिलं आहे. काट्याच्या डिस्प्लेवरची नासलेली फिल्म ते ब्लेडच्या कडेनं एका कोपऱ्यातून उचलतात, किंचित गरम करत एका दमात सोलतात, उरलेला चिकट थर कापसाच्या बोळ्यानं धीरानं काढतात, नवी फिल्म फिरवून फिरवून कोन जुळवतात, आणि गेलेले आकडे काळेभोर उमटतात. कोन चुकला तर आकडे उलटे, काळ्यावर पांढरे. तेवढ्यासाठी ते दोनदा पाहतात. हात असा की मोठ्या वर्कशॉपमध्ये लाज वाटावी. त्यांनी मला सहज विचारलं, ‘तुमच्या इमानाचाबी असाच असते का? आणा ना मंग, करून देतो.’

करून देतील, आणि दिसेलही. पण विमानात लावता येणार नाही, लावूही नये. फिल्म कोणती, तिचा गोंद सत्तर अंशांना धरेल का, पुढच्या काचेवरचं चकाकी कमी करणारं आवरण शाबूत राहिलं का, रात्री मंद केल्यावर आकडे समान दिसतात का, पेटी परत बेंचवर तपासली का, आणि हे सगळं कोणी कोणत्या अधिकारानं सही करून दिलं, याला उत्तर लागतं. मान्यताप्राप्त दुरुस्ती केंद्र आणि पेटी विमानात लावायला योग्य असल्याचं रिलीज सर्टिफिकेट यांचा अर्थ तोच. चोरून केलेल्या अशा कामाचा एखादा पडदा हवेत असताना सुटला, तर काटेवाल्या भाऊंचं नाव कुठेच नसतं. नाव असतं सही करणाऱ्या एएमईचं.

महासंचालनालयाला माझी विनंती इथेच आहे. असा हात गावात आहे आणि असं काम कागदात बसत नाही, या दोन गोष्टींमधली वाट तुम्हीच काढू शकता. नागपूरला मिहानमध्ये मोठ्या विमानांची देखभाल होते. त्याच परिसरात लहान विमानांच्या जुन्या डिस्प्लेंसाठी सीएआर-१४५ मान्यतेचं, म्हणजे दुरुस्ती केंद्रांच्या नियमात बसणारं, एखादं छोटं कंपोनंट शॉप उभं राहील अशी सोय करा. अख्खं विमान दुरुस्त करणारी एमआरओ नको. चार बेंच, दोन एएमई, आणि काटे-मीटर दुरुस्त करणारे दोन-चार निवडक हात प्रशिक्षण देऊन. जिथे उत्पादकानं डिस्प्लेला हात लावणं बंद केलं आहे, तिथे त्याच जागी बसणाऱ्या नव्या पेटीसाठी लागणारी बदलाची मंजुरी एकाच प्रकारच्या सगळ्या विमानांना एकदाच मिळावी. प्रत्येक संस्थेनं तोच अर्ज तीच कागदपत्रं जोडून वेगवेगळा का करावा? आणि देखभालीच्या कार्यक्रमात डिस्प्लेच्या ओळीसमोर ‘ऑपरेशनल चेक’ एवढंच न लिहिता ‘सूर्यप्रकाशात, सीटवरून’ एवढे दोन शब्द वाढवायला सांगा.

संस्थांनी तोवर हातातलं करावं. विमान उभं करताना पॅनेलवर ऊन येणार नाही असं तोंड ठेवा. काचांना आतून चंदेरी पडदे आणि बाहेरून कॅनोपी कव्हर, नियमानं, कंटाळा न करता. व्हेंट उघडे. पडदा पुसायला दुपट्टा नको आणि खिडकीच्या काचा पुसायचा निळा स्प्रेही नको. त्यातला अमोनिया चकाकी कमी करणारं आवरण खातो. चष्म्याच्या कोटेड काचांसाठी मिळतं ते द्रावण आणि धागे न सोडणारं कापड घ्या. आधी फुंकणीनं धूळ उडवा, मग पुसा, नाहीतर राख काचेवर घासली जाते. एव्हिऑनिक्सच्या कूलिंग फॅनचा आवाज रोज सकाळी ऐका. तो फॅन बंद असेल तर आठ दिवस कोणाला पत्ता लागत नाही, आणि पेटी आतून भाजत राहते.

प्रशिक्षकांना वेगळं सांगायचं आहे. फिकट पडदा लिहिल्याशिवाय सोडू नका. तुम्ही लिहिलंत तर अभियंत्याला उत्तर द्यावं लागतं, व्यवस्थापकाला पेटी मागवावी लागते, आणि ती यायला महिने लागणार असतील तर ते महिने आजपासून मोजायला सुरुवात होते. मे महिन्यात विमान उभं राहिल्यावर लिहिलंत तर सगळ्यांचीच पंचाईत.

सोबत एक नमुना तक्ता जोडत आहे : विमान, पेटी, सीरियल नंबर, बसवल्याचं साल, संध्याकाळच्या उन्हात वाचता आलं की नाही, फोटो काढला की नाही, सही. दिवाळीनंतर हवा कोरडी आणि ऊन तिरकं असतं, तेव्हा हा भरायला घ्यावा. म्हणजे मागवलेल्या पेट्या मार्चपर्यंत हातात येतील. ज्या संस्थेला तपासणीच्या वेळी शेजारच्या सीटवर बसायला माणूस हवा असेल तिने बोलवावं. एसटीचं भाडं माझं मी देईन.

आपला,
एक निवृत्त विमान देखभाल अभियंता (एव्हिऑनिक्स)
जि. गोंदिया